काळुंदराच्या पाण्यातलं मीठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. लिहितानाही हात अडखळतोय — आठवीत शाळा सुटली, लिहायची सवय कुठली?

आमचं गाव मालवणकडचं, खाडीवरचं. इथे घाटावर, सावेडीत मी वहिनींकडे स्वयंपाकाला राहते. मला टायफॉइड झाला तेव्हा वहिनींनी उशाशी बसून पेज भरवली होती. त्या माणसांशी मी असं वागले — म्हणून जास्त सलतं.

त्यांचा ओम तेव्हा सहा वर्षांचा. त्याच्यासाठी काचेची टाकी आणली होती. तीन गोल्डफिश, आणि दुकानदाराने वर दिलेलं नाण्याएवढं काळुंदर. आमच्या खाडीतला मासा! अंगावर मोत्यांसारखे ठिपके. पण इथल्या गोड्या पाण्यात ते मलूल, कोपऱ्यात पडून. त्याला काय हवंय ते मला कळत होतं. आमचे बाबा पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे आणि भरती कुठवर आली ते सांगायचे. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी खडेमीठ टाकत गेले, बोट चाखत गेले — पाणी घरच्यासारखं लागेपर्यंत. गोल्डफिशचं काय होईल, हा विचार आला का मनात? नाही आला.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले तेव्हा तिन्ही गोल्डफिश उलटे तरंगत होते. काळुंदर मजेत फिरत होतं.

"ह्यानंच कायतरी टाकलं असंल पान्यात," ओमची आजी म्हणाली. "लई वांड हाय त्यो."

"मी नाही टाकलं! मावशी, तू सांग ना गं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी म्हणाले, "काल बिस्किट टाकताना बघितलं होतं मी."

बघितलं नव्हतं. काम जाईल ही भीती? होती. पण खरं सांगितलं असतं तर वहिनींनी मला काढलं नसतं, हेही मला ठाऊक होतं.

ओम रडला नाही. जेवायला बसल्यावर हळूच म्हणाला, "टाकलं असेल मी. आठवत नाही मला."

टाकी मीच धुतली, काळुंदर पुन्हा गोड्या पाण्यात. ते पाणी मीच मोरीत ओतलं.

आता तो नववीत आहे. परवा तो जेवायला बसला होता, तेव्हा शेजारच्या काकू मांजराचं पिल्लू घेऊन आल्या. त्याने हात मागे घेतला. "नको काकू, माझ्याकडे मरतात."

मी तिथेच होते. त्याच्या ताटात मीठ वाढलं, आणि भाकरी उलटायला वळले.