धाकू तांडेल भ्याला नव्हता

दोन हजार बावीस साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि वेसाव्याच्या बंदरात माझ्या बोटीचं सुकाण धाकू तांडेलच्या हातात होतं. मी चौथीपलीकडे शिकलो नाही, पण माणूस ओळखतो असा माझा तोरा. आदल्या डिसेंबरच्या गार वाऱ्यातही धाकू घामाने भिजलेलं बनियन काढून पिळायचा. खलाशी हसले की म्हणायचा, "दर्याचं पानी कमी झालंय, भर घालतो."

मधूनच तो पांढराफटक पडायचा, छाती धडधडायची. दहा मिनिटांत पुन्हा ठीक. दवाखान्यात जाईपर्यंत प्रेशरही जागेवर.

त्या वर्षी नारळी पुनवेनंतरच्या पहिल्याच फेरीला, खडकाजवळ, त्याच्या हातून सुकाण सुटलं. बोट मी सावरली आणि सगळ्यांसमोर बोललो, "भित्र्याला तांडेल ठेवीत नाय मी. किनाऱ्यावर बस, जाळी शिव."

तो एवढंच म्हणाला, "नाखवा, मी नाय भ्यालो रे. अंग भ्यालं."

बालपणापासूनचा सोबती, पण बोटीचा मालक म्हणून मला नाखवाच म्हणायचा. खलाशी हसले. सगळ्यात जास्त मी हसलो.

तेव्हापासून तो बंदरावरच्या ओट्यावर जाळी शिवायचा. रोज सकाळी विचारायचा, "आज नेतोस?" मी मान फिरवायचो.

दिवाळीनंतर त्याच्या घरात सगळ्यांना व्हायरल ताप आला. बाकीचे चार दिवसांत उठले. धाकूचं प्रेशर मात्र भलतंच चढलं, मग एकदम कोसळलं, हृदय थकलं. अंधेरीच्या इस्पितळात पोटाचा फोटो काढला, तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला नि मला समजावलं, की माणूस घाबरला म्हणजे ही ग्रंथी अंगात जो रस सोडते, तोच ही गाठ कारण नसताना सोडत होती. कैक वर्षं. तापाने ती बिथरली.

वहिनी माझ्याकडे बघत म्हणाली, "बोललेला ना तो तुमाला?"

धाकू शुद्धीवर होता. मला बघून हळूच म्हणाला, "आज नेतोस?"

आधी बरा हो, म्हणालो. चुकलो म्हणायचं होतं. पण खाटेभोवती खलाशी उभे होते, त्यांच्यासमोर जीभ वळेना. उद्या एकट्याला सांगू, असं ठरवलं. त्याच दुपारी तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खलाशी बंदरावर आले तेव्हा मी धाकूच्या ओट्यावर त्याचं अर्धं शिवलेलं जाळं मांडीवर घेऊन बसलो होतो. सगळे जमल्यावर सांगितलं, धाकू भ्याला नव्हता, मी चुकलो. मग मी सुईत दोरा ओवला.