वाऱ्यातल्या कुरडया

चैत्र लागला की निमगाव केतकीत दुपारी चारनंतरचं कोणी काही ठरवत नाही. सकाळ स्वच्छ असते. दुपारी पत्रा तापतो, मग एका बाजूचं आभाळ मातकट होतं, वारा सुटतो आणि वीज जाते. कधी चार थेंब पडतात, कधी तेवढेही नाही. दारं लावायची, थांबायचं, दारं उघडायची, घर झाडायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वृत्तपत्राच्या कचेरीत असताना ‘वादळी वाऱ्यासह पावसाची शक्यता’ ही ओळ मी अनेकदा लिहिली. गावी परतल्यावर ती रोज सुपलीत भरून बाहेर टाकावी लागते.

यंदा भावाच्या मुलीचं लग्न भिगवणच्या मुलाशी ठरलं. रुखवतात कुरडया घरच्याच असाव्यात, असं आईचं म्हणणं होतं. इंदापुरात चांगल्या विकत मिळतात, हे भावानं दोनदा सांगून पाहिलं.

“विकतच्याच ठिवायच्या तर माझा फोटू लावा भितीला,” आई म्हणाली, “आन् मग आणा.”

तिच्या दोन्ही मुलींच्या रुखवतात तिच्या हातच्या कुरडया होत्या. आता सोऱ्या दाबताना तिचा हात थरथरतो. पुढच्या वर्षी जमेल असं तिला वाटत नव्हतं. तसं ती म्हणाली नाही. पण नातीसाठी नेहमीपेक्षा मोठ्या, ताटाएवढ्या कुरडया घालायच्या असं तिनं ठरवलं होतं.

पहिला घाणा आम्ही गच्चीवर वाळत घातला. साडी पसरून कडेनं विटा ठेवल्या होत्या. वाऱ्यानं विटा जागेवर ठेवल्या आणि साडी नेली. ती शेजारच्या उसात सापडली. कुरडयांचा चुरा झाला होता.

आईनं पुन्हा गहू भिजत घातले. कुरडईची अडचण अशी, की गहू आधी तीन दिवस भिजवावे लागतात. तिसऱ्या संध्याकाळी चीक काढून तो रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे शिजवायचा. एकदा चीक काढला की थांबता येत नाही, तो आंबतो. म्हणजे चौथ्या दिवशीचं आभाळ पहिल्या दिवशी ओळखायचं.

“तुजा मोबाईल काय म्हणतुय?” आईनं विचारलं.

“शक्यता आहे म्हणतोय.”

“शक्यता मलाबी दिसतीया. त्याला मोबाईल कशाला पायजे?”

पूर्वी कुरडया बाजेवर घालत. आभाळ आलं की चौघांनी चार पाय धरून बाज तशीच घरात न्यायची. ओल्या कुरडईला हात लागत नसे. आता आमच्या आळीत सगळीकडं बॉक्सचे पलंग आहेत आणि बाजा ढाब्यांवर गेल्या आहेत. भावानं डाळजजवळच्या एका ओळखीच्या ढाब्यावरून पिकअपमध्ये चार बाजा आणल्या. ढाबेवाला म्हणाला होता, “न्या. पर कुरडया वाळल्या की बाजा लगीच धाडा, न्हायतर गिऱ्हाईक काय उभं राहून जेवंल? आन् संगं तळलेल्याचं एक ताटबी.”

चौथ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत साड्या पसरून चारही बाजा भरल्या. शेजारच्या टेलरच्या बायकोनं, जिला सगळी आळी भाभी म्हणते, चीक ढवळला. आईनं सोऱ्या धरला. तिचा हात थांबला की भाभी न बोलता वरून हात लावायची.

चारच्या सुमाराला आभाळ मातकट झालं. कुरडया वरून सुकल्या होत्या, खालून अजून ओल्या होत्या.

“उचला,” आई म्हणाली.

आम्ही पहिली बाज उचलून दारापर्यंत नेली. ती दारातून जाईना. घर बांधताना भावानं गवंड्याला एवढंच बजावलं होतं, की मोटारसायकल आत गेली पाहिजे. बाजेचा विचार कोणी केला नव्हता. ढाब्यावरची बाज रुंद, आणि तिरकी करावी तर कुरडया घसरणार.

“आडवी घ्या की!” भावानं सांगितलं.

“आडवीच हाय. तुमचं दार उभं हाय,” भाभी म्हणाली.

वारा आला. चारही बाजा भिंतीला लागून ठेवल्या आणि पिकअपवरची ताडपत्री वर धरली. ती कुरडयांना टेकवायची नव्हती, म्हणून प्रत्येकानं एकेक कड डोक्याएवढ्या उंचीवर धरून उभं राहायचं. भाऊ, मी, भाभी आणि हातरुमाल तोंडाला बांधलेली नवरी. ताडपत्री फुगायची, हातातून ओढली जायची. डोळे उघडता येत नव्हते. आई मधे खाली बसून बाजांच्या कडेच्या साड्या दोन्ही हातांनी दाबत होती.

“नवरी बघा,” भाभी ओरडली, “हळदीच्या आदीच मातीनं माखली!”

“हळद वाचली मग,” नवरी म्हणाली.

वारा थांबला तेव्हा हात खाली येत नव्हते. पाऊस पडला नाही. एकही कुरडई मोडली नव्हती. पण माती ताडपत्रीखालून आली होती, आणि वेटोळ्यांतून शिरून खालच्या ओल्या बाजूला चिकटली होती.

वाळल्यावर आईनं एक तळली. तोंडात घातली, थांबली, आणि गिळली.

“कचकच हाय,” ती म्हणाली. तिसऱ्यांदा गहू भिजवायला आता दिवस नव्हते, आणि तिच्यात जोरही नव्हता. “रुखवतात ठिवायच्यात. बघायच्यात. खायाला इकतच्या आणा.” विकतच्या हा शब्द तिनं हळू उच्चारला.

लग्न झालं. मोठ्या कुरडया ताटांत मांडल्या गेल्या, लोकांनी फोटो काढले. नंतर काही दिवसांनी नातीचा फोन आला. तिच्या सासूबाईंनी न विचारताच रुखवताचा डबा उघडून त्या कुरडया तळल्या होत्या.

आईनं विचारलं, “काय म्हणाल्या इहीनबाई?”

“म्हणाल्या, कचकच हाय. मग त्यांच्या घरच्या आणून माझ्या ताटात ठेवल्या. त्यातबी तशीच. म्हणाल्या, वारं काय शीव बघून थांबतंय व्हय?”

फोन माझ्याकडं देऊन आईनं आभाळाकडं पाहिलं आणि उठून दारं लावायला घेतली.