काळ्या सोयाबीनची दुरडी

एस्तेरवहिनी गेल्याचं कळलं तेव्हा मी सोनपेठच्या बाजारात लसूण निवडत होतो. फोन त्यांच्या मुलाचा, दानियलचा होता. "काका, आई गेली," एवढंच म्हणाला, आणि मग एसटीचा हॉर्न वाजला... त्याच्याकडचा की माझ्याकडचा, कळेना. दुपारी पालमला पोचलो, तोवर ओसरीवर जमलेल्या मंडळींनी वहिनींचं मरण बरंच सुधारून घेतलं होतं. कुणी म्हणत होतं, गुडघे टेकून प्रार्थना करतानाच प्राण गेला. कुणी म्हणत होतं, ओठांवर गाणं होतं. खरं असं, की त्या चहा पीत होत्या आणि साखर कमी पडल्याचं सुनेला सांगत होत्या. सुनेनं, सरितानं, हे मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, जणू बाहेर फुटलं तर घराण्याची अब्रू जाईल. मला मात्र ऐकून बरं वाटलं. ज्या बाईनं आयुष्यभर देवापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना तोंडावर सुनावलं, ती शेवटच्या घोटाला गप्प बसली असती तर मला संशय आला असता.

वहिनींचे यजमान यशवंत आणि मी पालमच्या शाळेत शिकवत होतो. तो गणित, मी मराठी. तो ख्रिस्ती, दर रविवारी उपासनेला जाणारा. मी कुठल्याच देवाला नियमित त्रास न देणारा. तरी वर्षातून एकदा, हंगामाच्या आभाराच्या उपासनेला, मी त्यांच्या चर्चमध्ये जायचोच. त्या दिवशी प्रत्येक घर आपल्या रानातलं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतं, प्रार्थना होतात, मग त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि शेवटी जेवण. वहिनी म्हणायच्या, "भावजी, तुमचा इस्वास आमच्या जेवणावर हाय, तेवढा तरी ढळू देऊ नका." तो कधी ढळला नाही.

मग यशवंत गेला. हृदयविकार, अचानक. वहिनी आठवडाभर रडल्या आणि एका सकाळी उठून रानात गेल्या. वखरणीचे दिवस होते. टिटवीनं उघड्या रानात, ढेकळांच्या मधोमध अंडी घातली होती. वहिनींनी गड्याला सांगून तेवढी जागा न वखरता सोडली आणि रोज सकाळी बांधावर बसून त्या पाखराकडे बघत राहिल्या. मी भेटायला गेलो तर मलाही नेलं. "बघा या बयेकडं. वर छप्पर न्हाई, बाजूला झाड न्हाई, आन् बैल जवळ आला की त्याच्या शिंगावर धावून जायलीय. एवढासा जीव! बैलच वळला, भावजी, मी डोळ्यानं बघितलं." मी सांत्वनाची दोन वाक्यं घरून तयार करून नेली होती. ती तशीच परत आणली.

पुढच्या खरिपात पाऊस आला तो थांबेचना. सोयाबीन काढणीला आलं आणि शेंगांतच मोड फुटले, मग काळं पडलं, मग कुजलं. आमच्या भागात त्या साली हे घरोघर झालं होतं. पुण्याला एका कारखान्यात कामाला असलेला दानियल आला आणि म्हणाला, "आई, बस झालं आता. बाबा न्हाईत, रान असं झालंय. इकून टाकू आन् चल पुण्याला." गिऱ्हाईकही तयार होतं, इसाराचे पैसे द्यायला उतावीळ. वहिनी म्हणाल्या, "आधी आभाराचा रविवार होऊ दे." दानियलला वाटलं, आई वळली. मलाही तसंच वाटलं.

त्या रविवारची वेदी मी विसरणार नाही. बाहेरगावचे कुणी साहेब प्रमुख पाहुणे होते आणि त्यांच्या छायाचित्राचा फलक मागच्या क्रुसापेक्षा मोठा होता. वेदीपुढे लाल भोपळे, पांढराशुभ्र फ्लॉवर, आणि सफरचंदं. परभणी जिल्ह्यात सफरचंद पिकत नाही हे देवाला ठाऊक असावं असा माझा अंदाज आहे. सगळ्यांनी आपलं कुजलेलं पीक घरी ठेवून बाजारातून हंगाम विकत आणला होता. आणि या सगळ्यात वहिनी आल्या, डोक्यावर दुरडी, दुरडीत काळं, मोड आलेलं, वास मारणारं सोयाबीन. चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी धावत आडवे झाले. "अहो बाई, पाहुणे हाईत. कायतरी चांगलं आणायचं ना, एखादा भोपळा तरी."

"माझ्या रानात भोपळा झालाच न्हाई," वहिनी म्हणाल्या. "जे पिकलं ते आणलं. सरका."

आभाराच्या प्रार्थनेत ज्याला बोलायचंय तो उभा राहतो. पाहुण्यांनी गोड, लांबलचक प्रार्थना केली. त्यात देवाच्या बरोबरीनं आयोजकांचेही आभार होते. मग वहिनी उठल्या. डोळे मिटले नाहीत, समोर दुरडीकडे बघत म्हणाल्या, "बापा, मागल्या साली तू माझा माणूस नेलास. यंदा रान नेलंस. मी काय तुला गोड बोलायला आले न्हाई. हे बघ, काळं हाय. तुझ्याच पावसानं झालंय, तूच ठेवून घे. पण मी आले. पुढल्या साली बी येईन, रान तेच असंल आन् मी बी तीच असंन. आमेन." आमेनला साथ द्यावी की नाही, हे मंडळीला कळेना. मी दिली. सवय नसल्यामुळे जरा उशिरा आणि जरा मोठ्यानं दिली.

लिलावात भोपळे गेले, सफरचंदं गेली. तिथली रीत अशी, की ज्यानं बोली जिंकली त्यानं पैसे चर्चला देऊन वस्तू परत वेदीपुढे ठेवायची आणि तिचा पुन्हा लिलाव व्हायचा. एखादी कोंबडी अशी अर्धं गाव फिरून येते. सेक्रेटरींनी दुरडी हळूच टेबलाखाली सारली. वहिनींनी ती उचलून टेबलावर ठेवली. कुणी पुढं येईना. शेवटी मीच बोली लावली. सेक्रेटरी म्हणाले, "सर, तुमी तर आमच्या मंडळीतले न्हाईत."

"कामून? बोली लावायला बाप्तिस्मा लागतो व्हय?" वहिनी म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्या सभेत कुणीतरी हसलं.

रीतीप्रमाणे मी दुरडी परत ठेवली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक म्हातारे शेतकरी उठले. "माझं बी असंच झालंय," म्हणाले, "लाज वाटली म्हणून आणलं न्हाई," आणि त्यांनी बोली लावली. मग दुरडी फिरू लागली. ज्यांनी ज्यांनी बाजारातून आणलं होतं ते एकेक करून तिला हात लावून गेले. पाहुणे घड्याळ बघत होते. दानियल इतका वेळ दाराशी उभा होता. त्यानं सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या वर बोली लावली, दुरडी उचलली आणि परत ठेवलीच नाही.

"परत ठेवायची असती," सेक्रेटरी म्हणाले.

"न्हाई ठेवत. घरी नेणार हाय."

"कुठल्या घरी?" वहिनींनी विचारलं. दानियल दुरडी डोक्यावर घेत म्हणाला, "तू राहायलीस त्या."

जमीन विकली गेली नाही. दानियलनं काही पेरण्या येऊन-जाऊन केल्या, मग सरिता आणि सामान घेऊन कायमचाच आला. हा चमत्कार होता असं मी म्हणणार नाही. दरम्यान त्याचं कारखान्यातलं काम सुटलं, हेही एक कारण होतं. वहिनींना हे म्हटलं की त्या विचारायच्या, "आन् काम कुणी सोडवलं?" यावर मी चहाचा कप तोंडाला लावायचो. त्या दुरडीतलं मूठभर काळं सोयाबीन त्यांनी काचेच्या बरणीत घालून खिडकीत ठेवलं होतं. तिथंच बसून त्या रोज प्रार्थना करायच्या, म्हणजे देवाचा हिशेब घ्यायच्या.

माती झाल्यावर तिसऱ्याच दिवशी ते जुनं गिऱ्हाईक पांढरे कपडे घालून सांत्वनाला आलं. चहा झाल्यावर म्हणालं, सहज आलोय तर रान बघून घेऊ. दानियल उठला. त्याला बांधापर्यंत घेऊन गेला. पाठोपाठ मीही होतो. टिटवी उठली आणि कलकलत आमच्या डोक्यांवर फिरू लागली, गिऱ्हाईकानं पांढरी टोपी हातानं दाबून धरली. "काढणी चालू हाय," दानियल म्हणाला, "नंतर बी चालूच राहील." माणूस शहाणा होता, तिथूनच वळला.

येत्या रविवारी आभाराची उपासना आहे. यंदा निम्मं भिजलं, निम्मं वाचलं. परवा दानियल विचारत होता, चांगलं नेऊ की भिजलेलं, तर सरिता आतून म्हणाली, "दोनी न्या. आत्याबाईंनी दोनी नेलं असतं." दुरडीची सुटलेली कड तिनं तारेनं आवळून घेतली आहे. ती आता ओसरीवर, वहिनींच्या चहाच्या जागेशी ठेवली आहे. प्रश्न एवढाच उरलाय, की उभं राहून देवाला खडसावायचं कुणी. दानियल म्हणतो, काका, बोलायची सवय तुमाला हाय. माझी अडचण अशी, की ज्याच्याशी भांडायचं तो आहे की नाही, याचीच मला खात्री नाही... पण दुरडीची एक बाजू मी धरणार आहे. आणि आमेन यंदा वेळेवर म्हणणार आहे.