फट न ठेवलेलं दार

साकीनाक्याच्या गाळ्यात दशरथ चिंदरकर लोखंडी दारं बनवायचा. दार बसवताना चौकटीत चारी बाजूंनी करवतीची दोन पाती सरकतील एवढी फट सोडायची, ही त्याची रीत. गिऱ्हाईक कुरकुरायचंच.

"काय रे, माप चुकलं काय? हवा खेळायला ठेवलीस?"

"शेठ, मे महिन्यात कळेल. ऊन लागलं की लोखंड फुगतं. जागा नाही दिली तर आत अडकाल, नि शिव्या मलाच घालाल."

असल्फाच्या डोंगरावर त्याची खोली. जुनं लाकडी दार कुजलं, तेव्हा ऐन डिसेंबरात त्याने घरासाठी लोखंडी दार केलं. खोलीचं तोंड पश्चिमेला, समोर झाडाचा आडोसासुद्धा नाही. बायको सुलक्षणा कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"ही फट कसली?"

"अगो, लोखंड तापला की वाढता."

"लोकांच्या घराक ठेवा तुमची फट. हयसून उंदीर शिरतत, माझे तांदूळ खातत. माका घट्ट व्हया."

"नि अडाकला तर?"

"तर तुमी आसात मा! दारवाल्याची बायल मी, कशी अडाकतलंय?"

दशरथ हसला. आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. एक पातंही जाणार नाही असं दार बसवलं. थंडीभर ते झकास मिटायचं. सुलक्षणा शेजारच्या जान्हवीला हात धरून आणायची. "बघ गं, मुंगीपण शिरणार नाय."

मे महिन्यातल्या एका दुपारी दशरथ मुलुंडला कामावर होता. सुलक्षणाच्या छातीत कळ आली. ती भिंत धरत दारापर्यंत गेली, कडी काढली, दार ओढलं. हलेना. उन्हाने तापलेलं दार चौकटीत पाचर मारल्यासारखं रुतून बसलं होतं. हाक ऐकून जान्हवी धावली, बाहेरून ढकलायला गेली तर तळवे भाजले. तिचा नवरा राजेश पहार शोधायला पळाला.

"वहिनी, थांबा हां, दार अडलंय!"

आतून आवाज आला, अगदी खालून, उंबऱ्यापासून.

"जान्हवी... ह्यांका सांगा नको. दार अडाकला म्हणान सांगा नको. माका कडी काढूक जमली नाय, असा सांग."

राजेशने वरचा कोपरा वाकवून दार उघडलं, तोवर ती गेली होती.

दशरथ आला तेव्हा जान्हवीने तेच सांगितलं. "भावोजी, वहिनींना कडीच काढता आली नाही हो." म्हणाली, आणि तोंडात पदर कोंबला.

स्मशानातून परतल्यावर माणसं बाहेर बसली होती. ऊन कधीच उतरलं होतं. दशरथने दाराला नुसतं बोट लावलं, ते सरकलं. कडेचा रंग खरवडून आतलं लोखंड उघडं पडलं होतं. चौकटीवर तसाच ओरखडा. मग त्याने कडी पाहिली. कडी लागलेली असती तर पहारीने पिळवटली असती. ती सरळ होती, मागे ओढलेली. त्याच्याच हातची कडी. त्याला आणखी काय सांगायला हवं होतं?

जान्हवी पिठलं-भात घेऊन आली. "भावोजी, दोन घास खा."

"जान्हवी, कडी आतून लागलेली ना?"

तिने ताटावरची नजर उचलली नाही. "हो."

आयुष्यात कधी खोटं न बोललेली बाई. ती कुणाच्या शब्दाखातर बोलतेय हे दशरथला उमगलं. तो खाली बसला. ताट त्याने तसंच बाजूला सारलं.

तेराव्याला गावाहून सुलक्षणाचा थोरला भाऊ आला. जेवणं उरकल्यावर त्याने विचारलं, "भावजी, झाला तरी काय?"

जान्हवी मोरीपाशी भांडी विसळत होती. तिचे हात थांबले.

"कडी," दशरथ म्हणाला. "कडी काढूक जमली नाय तिका."

भाऊ दाराकडे वळला. "इतकी जड कडी कित्याक बसवलास रे बायलमाणसाच्या घरात?"

"चुकला माझा," दशरथ म्हणाला. "चुकला. माझाच चुकला." आणि पहिल्यांदाच, चार माणसांत, तो मोठ्याने रडला.