मैत्रिणीसाठी हिंदीत दोन शब्द

माझी मैत्रीण गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाचा फोन आला. "मावशी, रविवार को मंदिर के हॉल में शांतिसभा रखी है. आप भी मम्मी के बारे में दो शब्द बोल देना." मुलगा गुणी आहे. मराठी त्याला सगळं समजतं, बोलायची वेळ आली की मात्र तोंडात गुळणी धरतो. पन्नाशीला टेकला, पण आईने मराठीत हाक मारली की हिंदीतच ओ द्यायचा. मी विचारलं, "अरे, दोन शब्द म्हणजे किती?" तर म्हणाला, "बस, पाँच-सात मिनट." घ्या! दोन शब्दांना एवढा वेळ लागत असेल तर मग भाषण म्हणजे काय, सप्ताह?

आता मी इथे येऊन जन्म गेला म्हटलं तरी चालेल, पण माझं हिंदी भाजी आणण्यापुरतं आहे आणि भांडण्यापुरतं. त्यात कोथिंबीर फुकट मागता येते. 'भैया, ये क्या लुटमार लगाया है' असं ठणकावता येतं. श्रद्धांजली वाहण्याइतकं ते कधी वाढलंच नाही. सरळ नाही म्हणून मोकळी झाले असते. पण मला तो हॉल माहीत होता. या वयात तिथे महिन्या-दोन महिन्यांनी जावंच लागतं. माईकवर येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, 'बहुत नेक आत्मा थीं, कभी किसी को ऊँचा नहीं बोला.' गेलेलं माणूस कुणीही असो, आत्मा नेकच निघतो. माझ्या मैत्रिणीलाही हे लोक असंच साखरेच्या पाकात बुडवणार, आणि मी खुर्चीत बसून ऐकणार? छे! तिच्याबद्दल एक तरी खरं वाक्य त्या माईकवरून जायला हवं होतं. आणि ते सांगू शकेल असं माझ्याशिवाय कोण होतं? कपाळ माझं, हो म्हणून बसले.

आम्ही दोघी मिरजेच्या मुलींच्या शाळेत एका बाकावर होतो. बाईंनी उंचीप्रमाणे बसवलं होतं, आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. आठवीत गॅदरिंगला ऐतिहासिक नाटक बसवलं. तिला महाराज केलं, कारण तिच्या वडिलांकडे जरीचा फेटा होता. मला पहारेकरी. हातात भाला म्हणून कपडे वाळत घालायची काठी, टोकाला चांदीचा कागद, आणि सबंध नाटकात एकच वाक्य: 'महाराज, घात झाला!' आठवडाभर मी ते घोकलं. मोरीत घोकलं, देवापुढे घोकलं, आजीच्या कानाशी ओरडून तिला दचकवलं. आणि ऐन वेळी, समोर अख्खी शाळा आणि पाहुण्या बाई बसलेल्या असताना, मी धावत स्टेजवर गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "महाराज, भात झाला!"

दुसरी कुणी असती तर तिने सांभाळून घेतलं असतं. ही सिंहासनावरून हललीसुद्धा नाही. मिशीला ताव देत म्हणाली, "मग वाढ की!"

शाळा हसून लोळली. नाटक तिथेच आटोपलं. शत्रूचं सैन्य विंगेत ताटकळत उभं राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा दोघींना वर्गाबाहेर उभं केलं. मी मुळुमुळु रडत होते, तर ही शेजारून म्हणते कशी, "रडतेस काय, अगं? तुझ्यामुळे लढाई टळली." मला इतका राग आला की रडणं थांबलं. तेव्हापासून आमची वाटणी ठरून गेली. तिने चिडवायचं आणि मी चिडायचं.

पुढे लग्नं झाली. ती विमानदलातल्या नवऱ्याबरोबर देशभर फिरत राहिली. मी यांच्याबरोबर चंदीगडात आले, कारण यांना सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरी होती. 'तीन-चार वर्षांचा प्रश्न आहे,' असं हे म्हणाले होते. त्या तीन-चार वर्षांतच मुलगा इथे शिकला, नोकरीला लागला, इथलीच सून घेऊन आला, आणि हे निवृत्त होऊन वारलेसुद्धा.

या शहरात सगळं आखीव. रस्ते सरळ, झाडं रांगेत, पत्ता म्हणजे नुसते आकडे. घराला नाव द्यायची पद्धत नाही, त्यामुळे मी आपली माणसांना नावं ठेवत दिवस काढत होते. पण ऐकायला कुणी नको? हे ऐकायचे, पण वर 'असेल' एवढंच म्हणायचे. अशात एका वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभी होते, तर मागून आवाज आला, "अगं ए, अजून तशीच पोक काढून उभी राहतेस होय!" मी वळले. केस पांढरे, चष्मा जाड, पण तोंड तेच. त्यांची शेवटची बदली इथे झाली होती आणि शेजारच्या पंचकुल्यात फ्लॅटही घेतला होता. मला तिला मिठी मारायची होती. त्याऐवजी मी म्हटलं, "तू मात्र चांगलीच सुटलीस की!" आमच्यात आनंद असाच व्यक्त करायची पद्धत होती.

मग काय विचारता! रोज सकाळी चहा झाला की तिचा फोन. काल सुनेने काय केलं, आज गुडघ्याने काय केलं, आणि मंडळाच्या कोजागिरीला दुधात पाणी कुणी घातलं. शनिवारी सुखना तलावावर फिरायला जायचं. फिरायचं म्हणजे बाकावर बसून फिरणाऱ्यांकडे बघायचं. "ते बघ, निवृत्त सचिव," ती म्हणायची, "अजून मागून शिपाई फाइल घेऊन येतोय अशा ऐटीत चाललेत." आपला आवाज हळू आहे असं तिला वाटे. तो हळू नव्हता. एकदा ते सचिव थांबून शुद्ध पुणेरी मराठीत 'नमस्कार' म्हणाले, तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ही उलट त्यांनाच बाकावर जागा करून देत होती.

तिच्यामुळे मला इथे एक गोष्ट मिळाली होती, जी पैसे टाकून मिळत नाही. इथे सगळे मला 'जी' लावतात. आंटीजी, माताजी, सुनेची मम्मीजी. हे लोक इतके अदबशीर की चोरालासुद्धा 'चोरजी' म्हणतील. आदराला माझी ना नाही. पण उठल्यापासून झोपेपर्यंत नुसता आदरच मिळाला की माणूस जिवंतपणीच भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसतो. हे गेल्यावर मला 'अगं' म्हणणारं, 'गप गं' म्हणणारं या जगात एकच माणूस उरलं होतं. माझा तिच्यावर फार जीव होता. हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिने तेच वाक्य पुढची दहा वर्षं मला ऐकवलं असतं.

शेवटी तिला हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा मी मऊ भात आणि मेतकूट घेऊन गेले. नर्स तिला 'माताजी, मुँह खोलो' म्हणत होती. नर्स बाहेर गेल्यावर ही मला म्हणाली, "बघ, एवढं शिकले-सवरले, शेवटी माताजी झाले." एक घास खाऊन म्हणाली, "मीठ विसरलीस."

"डॉक्टरांनीच बंद केलंय तुझं मीठ."

"त्यांनी बंद करायच्या आधीपण तू विसरायचीस."

हे आमचं शेवटचं बोलणं. मोठी माणसं म्हणे जाताना काही उपदेश करून जातात. मला हे मिळालं.

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले नाही. रडूच येईना. सून सारखी जवळ येऊन 'मम्मीजी, रो लो, हल्का लगेगा' म्हणत होती. ही माझी सून पंजाबी, जीव लावणारी पोर आहे. शांतिसभेत काय बोलायचं याची तयारीही तिनेच करून घ्यायला घेतली. "मम्मीजी, बोलना कि वो ममता की मूरत थीं."

"मूर्ती?" मी म्हटलं. "ती मूर्ती असती तर एका जागी गप्प बसली असती."

मग मी ठरवलं, गॅदरिंगचा किस्साच सांगू. त्यात ती जशीच्या तशी आहे. सुनेसमोर बोलून पाहिला. घात झाला म्हणजे 'धोखा हुआ' आणि भात झाला म्हणजे 'चावल हुआ'. सून माझ्याकडे डोळे मोठे करून बघत राहिली. "फिर? चावल हो गया, फिर क्या हुआ, मम्मीजी?" काय होणार? जेवले सगळे! तो नाद मी सोडला. मनाशी एवढंच पक्कं केलं की ही बाई आयुष्यभर मला चिडवत आली, तेवढं एक सांगायचं आणि खाली बसायचं. लोक जरा हसतील, आणि तिच्या नावाने त्या हॉलमध्ये एकदा तरी हसू होईल. माझी अपेक्षा तेवढीच होती.

रविवारी हॉल गच्च भरला होता. आमच्याकडे दहाव्याला कावळ्याची वाट बघतात, इथे माईकवाल्याची. एक जण कीबोर्डवर भजनं म्हणत होता. समोर हार घातलेला तिचा फोटो होता, त्यातही मुलाने नेमका सगळ्यात गंभीर शोधून काढलेला. मग बोलणारे उठले. त्यांच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी म्हणाले, 'कभी ऊँची आवाज़ में बात नहीं की.' बंद पडलेल्या लिफ्टवरून तिने याच गृहस्थांना भर मीटिंगमध्ये असं झापलं होतं की ते पुढे महिनाभर जिन्याने जात होते, लिफ्ट सुरू झाल्यावरसुद्धा. माझं डोकं तापलं. तेवढ्यात पंडितजींनी पुकारलं, 'अब माताजी की बचपन की सहेली.'

माईकसमोर उभी राहिले आणि लक्षात आलं, चिडवण्याला हिंदीत काय म्हणतात ते मला येतच नाही. सुनेला विचारायचं राहून गेलं होतं. पण माझी इतक्या वर्षांची एक युक्ती आहे. आपल्या मराठी लोकांची सगळ्यांचीच असते. शब्द अडला की मराठीतलाच जरा भारदस्त शब्द उचलायचा आणि ठोकून द्यायचा. विमान चालतं, विद्यालय चालतं, मग बाकीचे का नाही चालणार? मी घसा साफ केला.

"नमस्ते जी. मैं उसकी स्कूल की सहेली. सब लोग बोले वो बहुत शांत थी. मेरे को तो कभी दिखी नहीं शांत. उसने जिंदगीभर मेरी चेष्टा की. एक दिन नहीं छोड़ा. स्कूल से लेके हॉस्पिटल तक, मेरी चेष्टा की."

आणि मी थांबले. असं बोललं की जरा थांबायचं असतं, समोरचे हसतात.

कुणी हसलं नाही. माना डोलल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. तिचा मुलगा हात जोडून बसला होता, त्याने सवयीप्रमाणे हिंदीतच ऐकलं. मंडळाची दोन-चार मराठी माणसं आली होती, ती एव्हाना मागे चहा-पकोड्यांपाशी पोचली होती. पंडितजींना तर भरूनच आलं. त्यांनी माईक घेतला. "कितनी सुंदर बात कही माताजी ने! जीवनभर चेष्टा की! आज के युग में कौन किसके लिए चेष्टा करता है? हम सबको चाहिए कि अपने मित्रों के लिए, अपने माता-पिता के लिए, सदा चेष्टा करते रहें!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या लोकांत चेष्टा म्हणजे प्रयत्न. घ्या! सगळ्या हॉलला आईबापांची चेष्टा करायला सांगून झालं होतं, तेही पंडितजींच्या तोंडून, आणि लोक त्याला हात जोडत होते. माझ्या पोटातून हसू उसळलं. ते दाबत मी सवयीने मान वळवली, तिला बघायला. ऐकलंस का गं?

तिथे खांब होता.

एवढ्या भरल्या हॉलमध्ये हे कळून हसणारं एकच माणूस असतं, आणि हा हॉल त्याच्यासाठीच घेतला होता. तेव्हा मला रडू फुटलं. साधं नाही, हुंदके देऊन, माईकवरच. इतके दिवस लोक सांगत होते ती गेली, मी ऐकत होते. ती गेली हे मला तेव्हा कळलं.

कुणीतरी मला धरून खुर्चीवर बसवलं. रुमालवाल्या बाईंनी पाण्याचा ग्लास दिला, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "आंटीजी, बहुत चेष्टा की होगी उन्होंने आपके लिए."

"हां जी," मी म्हटलं. "बहुत की. अब कौन करेगा?"