लिफ्ट कशी कण्हते

चोपन्नाव्या वर्षी लिफ्टवाल्या काकांचा उजवा कान गेला. एकदम नाही. आधी फोन डाव्या कानाला लागू लागला, मग जेवताना बायको आपोआप डाव्या बाजूला बसू लागली, आणि शेवटी डॉक्टरांनी आलेख पुढे सरकवून सांगितलं, की डावाही त्याच वाटेवर आहे.

काकांचं पोटच कानावर होतं. तीस वर्षं ते लिफ्ट दुरुस्त करत होते आणि गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पाय ठेवताच नुसत्या आवाजावरून बिघाड सांगत. ऐकलेलं ते लिहूनही ठेवत, वह्यांत, खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर. सतरा वह्या भरल्या होत्या, पण हवं ते हवं तेव्हा सापडेल तर शपथ.

भाची सॉफ्टवेअरमध्ये होती. तिने नोंदी ठेवायची दोन-तीन तयार अ‍ॅप त्यांच्या फोनवर टाकून दिली. काकांनी महिनाभर इमानेइतबारे वापरली आणि तिला बोलावून घेतलं.

"हे आधी विचारतं, नोंद कुठल्या कप्प्यात ठेवू. इमारतीच्या की ब्रेकच्या? एकीकडे टाकली की दुसरीकडून दिसत नाही."

"दोन्हीकडे टाका, मामा."

"मग वह्या काय वाईट होत्या?"

भाचीने त्यांचा फोन परत दिला. "मग अ‍ॅप तुम्हीच बनवा. मी रविवारी शिकवायला येत जाईन."

तिला वाटलं, दोन रविवारांत हौस फिटेल. आठ महिने लागले. काका दोन बोटांनी टाइप करत, चुकलं की स्क्रीनशी भांडत. कप्पे त्यांनी ठेवलेच नाहीत. आवाजाचं नाव लिहायचं, की त्या आवाजाच्या सगळ्या जुन्या नोंदी समोर येत, मग इमारत कुठलीही असो. वह्या त्यात उतरवायला आणखी सहा महिने गेले.

तोवर डावा कानही अर्धा झाला. एका सकाळी ते मशीनसमोर उभे राहिले आणि कोणता आवाज लिहायचा तेच कळेना. खाली आल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना त्यांनी विचारलं, "आवाज कसा येतो हो?"

"वर जाताना कण्हते. खाली येताना गप्प."

काकांनी 'कण्हते' लिहिलं. काहीच आलं नाही. जिन्यातच बसून त्यांनी आपल्या नोंदी एकेक चाळल्या. पाऊण तासाने सापडलं: 'चढताना घूं, पुलीचं बेअरिंग.' बेअरिंगच निघालं.

पुढच्या रविवारी भाची आली तेव्हा त्यांनी सगळं अ‍ॅप मोडायला काढलं होतं. आता प्रत्येक नोंदीखाली इमारतीत राहणाऱ्यांचे शब्द जायचे, जसेच्या तसे, आणि सारखे शब्द एकमेकांना जोडायचे. कण्हते, हुंकारते, सासऱ्यांसारखी घोरते.

"हे कोण लिहिणार?" भाचीने विचारलं.

"मी. ऐकू येतंय तोवर."

कंपनीच्या साहेबांनी लवकरच त्यांना गच्चीवर चढायला बंदी केली. ऐकू न येणाऱ्या माणसाने चालत्या लिफ्टच्या टपावर उभं राहणं धोक्याचं, हे काकांनाही पटलं. मग ऑफिसात बसून तक्रारींचे मेसेज वाचू लागले. शब्द उचलायचे, जुन्या नोंदी काढायच्या, आणि कोणता भाग घेऊन जायचा ते त्यांच्या जागी आलेल्या मेकॅनिकबाईंना कळवायचं.

बहुतेक वेळा बरोबर येई. एकदा 'चिरकते' अशा तक्रारीवर बाईंनी वरून मेसेज केला, 'काका, बेअरिंग नाही. उंदीर होता.'

काकांनी 'चिरकते'च्या खाली उंदीर लिहून ठेवला.

साठीला ते निवृत्त झाले. कंपनीने नवी यंत्रणा आणली. तिच्यात राहणाऱ्यांच्या शब्दांना चाळीस अक्षरांचा 'शेरा' हा रकाना तेवढा होता. म्हणून मेकॅनिकबाईंनी काकांचं सॉफ्टवेअर स्वतःच्या लॅपटॉपवर घेतलं आणि त्याचा रंग, बटणं, सगळं बदललं. काका आठवडाभर कुरकुरले. मग एके दुपारी जाऊन त्यांनी जुनी बटणं कुठे गेली ते बाईंकडून शिकून घेतलं.