कोपऱ्यातला अंधार

गडचांदूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. प्रिंट काढण्याआधी कॉम्प्युटरवर फोटोचे चारही कोपरे काळे करायची मला सवय. माऊस जरासा सरकवला की कडेच्या खुर्च्या, वायरी, फालतू माणसं अंधारात जातात आणि मधला चेहरा खुलतो.

परवा एक बाई आल्या. भाचीच्या हळदीचा फोटो त्यांना मोठा करून हवा होता. ती हळद मीच शूट केली होती. मी सवयीने कोपरे काळे केले आणि प्रिंट त्यांच्या हातात दिली. त्या नवरीकडे बघतच नव्हत्या. पदराच्या टोकाने डावा कोपरा पुसत होत्या, काजळी पुसावी तसा.

"भाऊ, इथी अंधार काऊन केला? माहा माणूस होता इथी. तुमचाच लाइट धरून उभा होता. आता तो नाई, अन् त्याचा दुसरा फोटोबी नाई."

मी इफेक्ट काढला. कोपऱ्यात तो दिसायला लागला. अर्धा खांदा कापला गेलेला, दोन्ही हातांनी लाइट उंच धरलेला, नजर नवरीकडे नाही, माझ्याकडे. त्या संध्याकाळी "अजून वर, अजून वर" एवढंच मी त्याच्याशी बोललो होतो.

"फोटोवाल्या भाऊनं मलेच बोलावलं, असं सांगे सगळ्याइले," बाई म्हणाल्या. "वळखता ना तुमी त्याले?"

"हो," मी म्हणालो.

"मंग खाली त्याचं नाव टाकून द्या."

माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.